एकतीस जादा खुणा

जबलपूरच्या मराठी माणसांना एक छुपी सोय असते. बाजारात, बँकेत, ऑटोत समोरच्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल मराठीत वाट्टेल ते बोलावं. त्याला ओ की ठो कळत नाही. विभावरी खानझोडेनं ही सोय बावीस वर्षं मनसोक्त वापरली आणि ती एकदाही अंगाशी आली नाही. आली ती नोकरीच्या पहिल्याच दिवशी, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात, सकाळी नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी.

फोन आईचा होता. जानेवारीची थंडी होती, आणि लेक स्वेटर न घालता गेली म्हणून आईचा जीव वरखाली होत होता.

"आई, नंतर कर ना. काम करून राहिले मी."

"काय काम करून राहिलीस? बाबा विचारून राहिले."

"बघून राहिले."

"काय बघून राहिलीस?"

"माणसं." विभावरीनं हातातल्या कागदावरून समोर नजर टाकली. सगळा कारखाना धडधडत होता. गरम खळीचा वास पत्र्याखाली भरून राहिला होता. आणि मागच्या दाराशी, उन्हाच्या चौकोनी तुकड्यात, एका उलट्या पेटीवर एक तरुण हाताची घडी घालून निवांत बसला होता. "सगळे कामात आहेत गं. एक हिरो तेवढा ऊन खात बसलाय. नाक मात्र काय सुरेख आहे..."

"नाक आजोबांचं आहे," तो हिरो म्हणाला. "अन् ऊन सरकारी आहे. तुम्हाला पाहिजे तर तुम्हीपण या."

मराठीत! अगदी स्वच्छ, घरच्यासारख्या मराठीत! विभावरीच्या हातून पेन्सिल पडली. फोनमधून आई 'कोण बोलून राहिलं गं? कोण आहे?' विचारत होती. विभावरीनं फोन सरळ बंद केला. थंडी कुठल्या कुठे पळाली होती आणि तिचे कान तापले होते.

त्यानं उठून पेन्सिल उचलली, शर्टाला पुसली आणि तिच्यापुढे धरली. "देवदत्त बोरकुटे. फिटर. घर मझौलीला. पणजोबा वर्ध्याकडून आले होते, भाषा तेवढी संगं आणली." त्यानं तिच्या कागदाकडे मान वाकडी करून पाहिलं. "अन् माझ्यासमोर काय लिहिलं?"

"रिकामा," विभावरी पुटपुटली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "रिकामाच होतो." आणि हसला. हसताना ते नाक आणखीच सुरेख दिसत होतं, पण आता हे मराठीत म्हणायचीही चोरी होती.

*

विभावरीचं हे बघण्याचं काम नक्की काय, ते आधी सांगायला हवं, कारण तिच्या स्वतःच्या घरीही ते कुणाला धड ठाऊक नव्हतं. तिनं बारावीनंतर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग घेतलं तेव्हा तिचे बाबा, रेल्वेतून रिटायर झालेले अंबादास खानझोडे, आठ दिवस कोड्यात पडले होते.

"मेकॅनिकल म्हणजे मशीन," ते बोटं मोजत म्हणाले. "सिव्हिल म्हणजे पूल. कॉम्प्युटर म्हणजे बंगलोर. हे इंडस्ट्रियल म्हणजे काय?"

"बाबा, माणसं अन् मशीनी मिळून काम कसं करतात ते बघायचं. मग तेच काम कमी वेळात, कमी त्रासात कसं होईल ते काढायचं."

"म्हणजे बघायचं इंजिनिअरिंग!" बाबा म्हणाले, आणि तेव्हापासून आख्ख्या राइट टाउन मोहल्ल्यात खानझोड्यांची मुलगी 'बघायची इंजिनिअर' झाली. आता नोकरी लागली तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर पक्की. नाहीतर बाबांच्या टेबलावर बँकेच्या परीक्षेच्या क्लासचा फॉर्म भरून तयार होता. फक्त विभावरीची सही बाकी होती.

कारखान्याचे मालक भय्यासाहेब. मराठ्यांच्या काळात इथं चाकरीला आलेल्या मराठी घराण्यातले, बोलायला मोजके, हिशेबाला कडक. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "खाली सव्वीस माणसं आहेत. कोण किती वेळ कामात आणि किती वेळ रिकामा, मला आकडा द्या. ज्याचा अर्ध्याहून जास्त वेळ रिकामा जातो, ती जागा मी काढणार. मी चेहरे बघत नाही. तुम्हीही बघू नका."

सव्वीस माणसांमागे दिवसभर कोण फिरणार? म्हणून विभावरीच्या शास्त्रात एक युक्ती आहे, आणि ती आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होती: शितावरून भाताची परीक्षा. दिवसातल्या आठ वेळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कशाही निवडायच्या, जसं नऊ सत्तेचाळीस, अकरा तीन, दोन एकोणीस, आणि त्यांचा तक्ता करायचा. त्या मिनिटाला फोन थरथरला की फेरी मारायची, प्रत्येकाकडे एक नजर टाकायची आणि त्याच्या चौकोनात खूण करायची: कामात, की रिकामा. दिवसाला आठ, दहा दिवसांत ऐंशी. ऐंशी शितं हाताला लागली की भात शिजलाय की कच्चा आहे ते कळतं. अट एकच. शीत आपण निवडायचं नाही, तक्त्यानं निवडायचं.

कॉलेजात सरांनी आणखी एक नियम घोटून घेतला होता. "नजर टाकली की खूण करा. खूण न करता बघू नका. नाहीतर जे बघावंसं वाटतं तेच बघत बसाल."

विभावरी गुणी विद्यार्थिनी होती. तिनं हा नियम शेवटपर्यंत पाळला, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचार वाजता तिचा फोन थरथरला नव्हता, तरी ती मागच्या दाराशी गेली. पेन्सिल परत दिल्याबद्दल धन्यवाद म्हणायचे राहून गेले होते... असं तिनं स्वतःला सांगितलं.

देवदत्त त्याच पेटीवर बसला होता. मांडीवर मटाराच्या शेंगांची पिशवी.

"या मॅडम. काकांच्या शेतातल्या आहेत. गोड लागतात."

"ड्युटीवर आहे मी."

"मग ड्युटीवर खा." त्यानं मूठभर शेंगा तिच्या पॅडवर ठेवल्या. नजर पडली होती. विभावरीनं इमानदारीत पेन्सिल काढली, त्याच्या ओळीतले आठ चौकोन सोडून बाहेर समासात एक बारीक खूण केली: रिकामा.

"पुन्हा रिकामा?" तो मान लांबवून म्हणाला.

"शेंगा सोलणं कामात धरत नाहीत."

"तुमच्यासाठी सोलल्या तरी?"

तिनं एक शेंग सोलून तोंडात टाकली. शेंग मात्र खरंच गोड होती.

मग सव्वाचारची वेळ कशी कोण जाणे ठरूनच गेली. ऊन कलून मागच्या दारातून आत यायचं, उलट्या पेटीशेजारी दुसरी पेटी आपोआप उलटी झालेली असायची, आणि विभावरी 'जाता जाता' तिथून जायची. मग कधी पाणी प्यायला सकाळी साडेदहाला, कधी रजिस्टर विसरलं म्हणून दीडला. कारखान्यात पाण्याचे नळ दोन होते. तिला मागच्या दाराजवळचाच आवडायचा.

"तुम्ही दर वेळी बसलेलेच कसे हो सापडता?" तिनं एकदा विचारलं.

"मॅडम, फिटर पळताना दिसला तर समजा कारखाना बसला. अन् फिटर बसलेला दिसला तर समजा कारखाना पळून राहिला." त्यानं मशीनच्या आवाजाकडे कान दिला. "हे ऐका. कशी एका चालीत चालून राहिली. हा आवाज बदलला का मी उठलो."

आणि तेवढ्यात तो बदललाच. काहीतरी खरखरलं. देवदत्त अर्ध्या शब्दावर उठून पळाला, आणि विभावरी हातातली शेंग तशीच धरून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मशीन दोन मिनिटांत सुरू झाली. ती खूण करायला विसरली. अख्ख्या दहा दिवसांत तिचा नियम तेवढा एकदाच चुकला.

बाबांनी तिच्या शिक्षणाला ठेवलेलं नाव तिच्याच तोंडून ऐकल्यावर पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, "एक सांगा. एवढं सगळं सोडून हे बघायचं इंजिनिअरिंग काहून घेतलं?"

हा प्रश्न तिला मावशीनं, शेजाऱ्यांनी, वरपक्षाच्या मंडळींनी विचारून झाला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तराआधीच कुणीतरी हसायचं. देवदत्त हसला नाही. शेंग सोलायची थांबवून वाट बघत राहिला.

"मी बारा वर्षांची होते," ती म्हणाली. "आई पोळ्या करताना दर वेळी पीठ घ्यायला ओट्यापासून कोठीच्या खोलीत जायची. एका रविवारी मी मोजलं. तेवीस हेलपाटे! मी पिठाचा डबा उचलून ओट्याखाली ठेवला. आईनं आधी रागावून घेतलं... पण डबा अजून तिथंच आहे. तिचे गुडघे दुखायचे कमी झाले. मला वाटलं, कुणाचा त्रास नुसता बघून बघून कमी करता येत असेल तर यासारखं काम नाही."

त्यानं हातातली शेंग पिशवीत परत टाकली. मग म्हणाला, "हे तुम्ही बाबांना सांगितलं?"

"असं... नाही. असं कुणालाच नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा देवदत्तची पान्यांची पेटी दाराजवळच्या जागेवर नव्हती. ती दोन मोठ्या मशीनींच्या मधोमध, खांबाला टेकून ठेवलेली होती.

"मोजलं मी," तो जरा लाजत म्हणाला. "एका खेपेला सत्तर पावलं वाचून राहिली. सहा वर्षं काम करून राहिलो इथं, कधी डोक्यातच नाही आलं."

कुणी गुलाब देतो, कुणी चिठ्ठी. विभावरीसाठी आजवर कुणी पान्यांची पेटी हलवली नव्हती. तिनं घाईघाईनं समासात एक खूण केली आणि तिथून निघाली.

*

दहा दिवस झाले. विभावरीनं दहाही कागद ऑफिसात गीतांजलीकडे दिले. गीतांजली आकडे कॉम्प्युटरवर चढवायची; अतिशय काटेकोर मुलगी, एक बिंदू सोडणार नाही.

अकराव्या दिवशी सकाळी भय्यासाहेबांनी विभावरीला बोलावलं. चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"शाब्बास! पंचवीस जण ठीक आहेत. एकच जागा निघाली. फिटर. साठ टक्के वेळ रिकामा." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "शेजारच्या शेडमध्ये फिटर आहे, लागेल तेव्हा बोलावू. याला आज तीन वाजता कामावरून काढल्याची चिठ्ठी देतो."

विभावरीला आधी नीट कळलंच नाही. साठ? मग कळलं.

"साहेब... फिटर बसलेला असतो म्हणजे मशीनी चालू असतात. त्याचं काम तसं मोजायचं नसतं..."

"ते तुम्हाला दहा दिवसांपूर्वी सुचायला हवं होतं." भय्यासाहेबांचं हसू मावळलं. "नियम सगळ्यांना सारखा. आकडा तुमचा आहे ना?"

"हो."

"मग झालं तर."

ती बाहेर आली. आकडा तिचाच होता. प्रत्येक खूण तिनं स्वतःच्या हातानं केली होती, आणि एकही खोटी नव्हती. कुणाचा त्रास बघून बघून कमी करणार होती ती! आणि पहिल्याच कामात तिनं एका माणसाची नोकरी घालवली. तीही त्याची.

"दीदी," गीतांजलीनं मागून हाक मारली. हातात ते दहा कागद होते. "एक बात पूछूँ? सबके अस्सी-अस्सी टिक हैं. देवा भैया के इतने ज्यादा क्यों हैं? मैंने तो सब चढ़ा दिए."

विभावरीनं कागद घेतले. देवदत्तच्या ओळीत आठ चौकोन होते, आणि चौकोनांच्या बाहेर, समासात, बारीक खुणा. पहिल्या दिवशी एकही नाही. दुसऱ्या दिवशी एक. मग तीन. मग चार. ती मोजत गेली. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना ती जिन्याच्या पायरीवर बसली.

एकतीस.

ऐंशी चौकोनांत तो छत्तीस वेळा रिकामा होता, चव्वेचाळीस वेळा कामात. म्हणजे पंचेचाळीस टक्के. नोकरीला धक्का नाही! पण त्यात एकतीस शितं विभावरीनं स्वतः निवडून टाकली होती. आणि एकतीसच्या एकतीस 'रिकामा', कारण तो उन्हात बसलेला असतानाच तर ती जायची. एकूण एकशे अकरा खुणा, त्यांतल्या सदुसष्ट 'रिकामा': साठ टक्के. त्याची नोकरी तक्त्यानं घालवली नव्हती. तिच्या डोळ्यांनी घालवली होती.

हा धक्का मोठा होता, पण त्यामागून आला तो त्याहून मोठा. तिनं बाकीच्या पंचवीस ओळी बघितल्या. दहा कागद, पंचवीस माणसं, आणि एकाच्याही समासात एक खूण नाही. पाणी, रजिस्टर, मटार, धन्यवाद... दहा दिवस स्वतःला सांगितलेली सगळी कारणं एकदम उघडी पडली. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर विभावरीनं एका नजरेत निदान केलं असतं.

"बाप रे," ती मोठ्यानं म्हणाली. "मी ह्याच्या प्रेमात पडलेय!"

"क्या हुआ दीदी?" गीतांजलीनं विचारलं. तिला मराठी येत नव्हतं. देवाची कृपा.

*

तीनला पाच मिनिटं कमी असताना विभावरी ऑफिसच्या दाराशी उभी होती. काय बोलायचं ते तिनं जिन्यात पाठ केलं होतं. 'काही खुणा खात्री करण्यासाठी जादा केल्या होत्या, त्या चुकून धरल्या गेल्या.' एवढं पुरलं असतं. बाबांच्या टेबलावरचा फॉर्म तिथंच राहिला असता, आणि सव्वाचारचं ऊन कुणाला कळलं नसतं.

ती आत गेली. देवदत्त टेबलासमोर उभा होता. हात ऑइलनं काळे, चेहरा उतरलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. तेच तिला सहन झालं नाही. तो नुसता गोंधळला होता: दहा दिवस जी आपल्याशी हसून बोलली ती आत हे लिहीत होती?

"साहेब, थांबा. आकडा चुकलाय."

"कॉम्प्युटरनं काढलाय," भय्यासाहेब म्हणाले.

"कॉम्प्युटर बरोबर आहे. मी चुकले." तिनं दहाही कागद टेबलावर पसरले. "या चौकोनांतल्या ऐंशी खुणा धरायच्या. या बाहेरच्या एकतीस धरायच्या नाहीत."

"खोट्या आहेत?"

"नाही. पण तक्त्यातल्या नाहीत. तक्त्यानं मला त्या वेळी बघायला सांगितलंच नव्हतं."

"मग कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग गेल्या काहून?"

पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. खात्री करण्यासाठी... तिनं देवदत्तकडे पाहिलं. खात्री करण्यासाठी म्हटलं की तो कायम असंच समजणार, की मटाराच्या शेंगा खाताना ही आपल्याला तपासत होती.

"बघायला," ती म्हणाली.

"काय बघायला?"

"ह्यांना."

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. दाराबाहेर गीतांजलीच्या हातून फाइल पडली. मराठी येत नसलं तरी काही गोष्टी कुठल्याही भाषेत कळतात. देवदत्तचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आज सकाळपर्यंत मलाही माहीत नव्हतं, साहेब. शपथेवर सांगते." आता सुरुवात झाली होती आणि थांबायचं कसं ते तिला कळत नव्हतं. "कागद बघितला तेव्हा कळलं. खाली सव्वीस माणसं आहेत. पंचवीस जणांच्या समासात एकही खूण नाही. एकाच्याच समासात एकतीस. याला चुकून म्हणता येत नाही. मी... मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. याचं दुसरं उत्तरच येत नाही. प्रेमच असणार."

खाली मशीनी एका चालीत चालल्या होत्या.

"साहेब," देवदत्त कसाबसा म्हणाला, "थोडी चूक माझीपण आहे."

"आता तुझी काय?"

"मॅडम सव्वाचारला येतात हे मला तिसऱ्या दिवशीच समजलं होतं. ते काही तक्त्याबिक्त्याचं असेल असं वाटलं. म्हणून मी चारच्या आत सगळं तेलपाणी उरकून... दुसरी पेटी उलटी करून... बसून राहायचो." त्यानं मान खाली घातली. "पान्यांची पेटी हलवली त्यानं वेळ वाचला ना, साहेब, तो सगळा तिथंच गेला."

विभावरी गर्रकन वळली. "तुम्ही मुद्दाम रिकामे बसायचा? माझ्यासाठी?"

"मग काय ऊन खायला?"

"अहो, मी ते लिहून घेत होते! नोकरी जात होती तुमची!"

"मला काय माहीत! मला वाटलं, लिहायला म्हणून का होईना, येऊन तर राहिल्या!"

"बस्स!" भय्यासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "अट्ठावीस वर्षं कारखाना चालवतोय. पुठ्ठा चोरणारे बघितले, डिझेल चोरणारे बघितले. कामाच्या वेळेत एकमेकांना बघणारे, आणि वर त्याची इमानदारीत नोंद ठेवणारे, पहिल्यांदा बघून राहिलो." त्यांनी चष्मा लावला, कागद ओढले आणि खरंच एक एक चौकोन मोजायला लागले. मोजून झाल्यावर टेबलावरची ती चिठ्ठी उचलून तिचे चार तुकडे केले. "पंचेचाळीस. नियम म्हणजे नियम. बोरकुटे, जा. मशीनचा आवाज बदलून राहिला."

देवदत्तनं कान दिला आणि पळाला.

विभावरी उभीच होती. आपली पाळी आता, हे तिला माहीत होतं.

"तुमची मुदत तीन महिन्यांनी वाढवली," भय्यासाहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "शिक्षा म्हणून. इतक्या इमानदार माणसाला काढणं मला परवडायचं नाही, आणि चूक तर झालीच. फिटरची मोजणी पुन्हा होणार, दहा दिवस. ती मी स्वतः करीन. तुम्ही कामाच्या वेळेत त्याच्याकडे बघायचं नाही. एक नजरसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," विभावरी म्हणाली. तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच समजेना.

*

साडेपाचचा भोंगा झाला. विभावरी गेटबाहेर स्कूटीपाशी उभी होती. ऊन गेलं होतं, थंडी पडायला लागली होती, आणि स्वेटर आजही घरीच होता. तिनं शहाण्यासारखं कारखान्याकडे पाठ केली होती.

"मॅडम." मागून आवाज आला. "वळा ना इकडे."

"साहेबांनी बंदी घातलीय."

"कामाच्या वेळेत. आता भोंगा झाला."

ती हळूच वळली. त्यानं हात घासून घासून धुतले होते, तरी नखांत काळं राहिलंच होतं. हातात मटाराची पिशवी होती. ती सगळीच्या सगळी त्यानं तिच्या स्कूटीच्या हँडलला अडकवली.

"तुमच्या आईला द्या. अन् बाबांना ती पिठाच्या डब्याची गोष्ट सांगा. मला सांगितली तशीच. एकदा ऐकली ना, पुन्हा नाही हसणार."

"आणि तुमचं काय सांगू?"

"माझं..." तो अडखळला. इतका वेळ बरं चाललं होतं त्याचं. "माझं सांगा, का एक फिटर आहे. शिक्षण तुमच्याएवढं नाही. पण तुम्ही समोर आल्या का त्याला मशीनचा आवाज ऐकू येत नाही. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला तुम्ही आवडता, विभावरी. फार आवडता."

नाव! अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं होतं. सकाळपासून इतके धक्के बसले होते की आता एकही बसणार नाही असं तिला वाटलं होतं. हा सगळ्यात गोड बसला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मन भरेपर्यंत, अगदी आजोबांच्या नाकासकट. आणि मग सवयीनं तिचा हात बॅगेतल्या पेन्सिलीकडे गेला.

"आता पण खूण?" तो हसला.

"नियम आहे. बघितलं की खूण करायची." तिनं त्याचा हात धरला, उलटा केला आणि काळ्या रेघांच्या तळव्यावर पेन्सिल टेकवली. "एकशे बारावी. काय लिहू? रिकामा?"

देवदत्तनं हळूच मूठ मिटली. आत पेन्सिलही होती आणि तिची बोटंही.

"कामात लिहा," तो म्हणाला. "आता काही मी रिकामा नाही."